सुतळीचं प्रमेय

पायथागोरस सगळ्यांच्या लक्षात राहतो. शाळा सुटून चाळीस वर्षं झालेल्या माणसाला झोपेतून उठवून ‘कर्णाचा वर्ग’ म्हणा, पुढचं वाक्य तो पुरं करतो. दहावीत अपोलोनियस भेटतो, त्याचंही नाव डोक्याच्या एखाद्या कोपऱ्यात टिकून असतं. माझ्या आवडत्या प्रमेयाला मात्र कुणी वाली नाही. ‘त्रिकोणाच्या दोन बाजूंच्या मध्यबिंदूंचे प्रमेय’ एवढंच त्याचं नाव, आणि उत्तरपत्रिकेत कारण म्हणून लिहायला गेलं तर ते कंसात मावायचं नाही. म्हणणं मात्र एवढंसं. त्रिकोणाच्या कुठल्याही दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडा. तो रेषाखंड तिसऱ्या बाजूला समांतर असतो आणि लांबीला तिच्या निम्मा असतो. संपलं.

परीक्षेतही त्याचा रुबाब नव्हता. त्रिकोणाच्या बाजू 8, 11 आणि 14 सेंटिमीटर, तर मध्यबिंदू जोडून होणाऱ्या त्रिकोणाच्या बाजू काढा. 4, साडेपाच, 7. हुशार पोरं हे तोंडी करून पुढे जायची आणि आमच्यासारखी बाकीचीही. भूमितीचा धसका घेतलेल्या त्या वर्गात सगळ्यांना वश झालेलं हे बहुधा एकच प्रमेय. दिवाळी अंकात भूमिती कशाला, असं कुणी विचारेल. पण माझ्या डोक्यात हे प्रमेय आणि दिवाळी एकत्र बांधलेली आहेत, आणि बांधलेली आहेत ती सुतळीनं.

आमच्या भूमितीच्या सरांना पोरं पाठीमागे ‘सुतळी सर’ म्हणायची. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. कृष्णाकाठचं आमचं गाव, आणि नववीचा वर्ग म्हणजे आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून चालत येणारी पोरं. शाळेत फळ्यावर वर्तुळ काढायचं लाकडी कर्कटक होतं, पण सर ते कपाटातच ठेवत. सदऱ्याच्या खिशातून सुतळीची गुंडाळी निघायची. एका टोकाला खडू, दुसरं टोक फळ्यावर अंगठ्याखाली दाबलेलं, आणि हात फिरवला की असं वर्तुळ उमटायचं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प व्हायची. खडूची भुकटी लावलेली सुतळी दोघांना दोन टोकांना ताणून धरायला लावून मधे टिचकी मारली की फळ्यावर सरळ रेघ. सुतार फळीवर हेच करतात, पण शाळेत ते पाहताना आम्हाला जादू वाटायची.

त्यामागे एक साधं कारण होतं. वर्गातल्या सगळ्यांकडे कंपासपेटी नव्हती. ज्यांच्याकडे होती त्यांची ती पत्र्याची कॅमलिनची, आणि तिचा थाट काय विचारता. दांडेकरांनी 1931 साली मुंबईत शाई बनवण्यापासून सुरुवात केलेली ही कंपनी. तिच्या पेटीवरचा उंट आमच्या वर्गात श्रीमंतीची खूण होता. पेटी उघडली की आत कर्कटक, विभाजक, दोन गुण्ये, कोनमापक आणि सहा इंची पट्टी. बाकीच्यांनी उसनवारी करायची. सरांना ती उसनवारी आवडत नसे. ते म्हणायचे, कोन मोजायला कोनमापक लागतो, काटकोनाला गुण्या लागतो, वर्तुळाला कर्कटक. मध्यबिंदूला काय लागतं? सुतळीची दोन टोकं जुळवा, दुमड पडेल तो मध्यबिंदू. मग ज्या प्रमेयात फक्त मध्यबिंदू आहेत, ते ज्याच्याकडे काही नाही त्याचं प्रमेय.

सिद्धता त्यांनी कशी शिकवली ते मला आजही दिसतं. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता हे चार मथळे फळ्यावर आधी लिहून ठेवायचे, मधे जागा सोडून. त्रिकोण अबक. अब चा मध्य प, अक चा मध्य म. आता रचना. भूमितीत सगळी गंमत रचनेत असते असं माझं तेव्हापासूनचं मत आहे, कारण रचना म्हणजे जे तिथे नाही ते आपल्या हिमतीवर काढणं. पम ही रेघ म च्या पुढे तेवढीच वाढवायची आणि तिथे र. मग रक जोडायची. एवढं केलं की वरचा छोटा त्रिकोण अमप आणि बाजूला नव्यानं झालेला त्रिकोण कमर एकरूप होतात. बाकोबा कसोटी! दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन. ‘बाकोबा’ म्हणताना सगळा वर्ग दरवेळी हसायचा, गावातल्याच कुणा म्हाताऱ्याला हाक मारल्यागत. आता रक ही अप एवढी, म्हणजे पब एवढी, आणि व्युत्क्रम कोन सारखे म्हणून तिला समांतरही. पबकर हा समांतरभुज चौकोन झाला. म्हणून पर आणि बक सारख्या, आणि पम ही पर च्या निम्मी. वरचा तुकडा उचलून बाजूला नेऊन लावला, दुसरं काही नाही. सरांनी ते कागद कापून दाखवलंही. वरचा त्रिकोण म या बिंदूवर टाचणी टोचून अर्धा फेरा फिरवला, तर तो नेमका जाऊन बसला.

आता पुतण्याच्या नववीच्या ‘गणित भाग 2’ मध्ये पाहतो तर हे प्रमेय त्रिकोणाच्या प्रकरणात नाहीच, ते चौकोनाच्या प्रकरणात आहे. त्याला याचं फार नवल वाटलं. सिद्धता पाहिली की नवल उरत नाही. त्या समांतरभुज चौकोनाचा पाहुणचार घेतल्याशिवाय आपला त्रिकोण पुढे सरकत नाही.

प्रमेय जुनंच. युक्लिडच्या सहाव्या पुस्तकातलं दुसरं विधान सांगतं की त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर काढलेली रेषा उरलेल्या दोन बाजूंना एकाच प्रमाणात छेदते, आणि उलटही खरं. आपलं प्रमेय हे त्यातलंच मधोमधचं प्रकरण. युक्लिड इसवी सनापूर्वी तीनशेच्या सुमाराचा. त्याचा ग्रंथ अठराव्या शतकात सवाई जयसिंगांच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी अरबीवरून संस्कृतात आणला, ‘रेखागणित’ या नावानं. आणि विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तो मुंबईत छापला गेला. दोरी आणि खुंट्यांनी यज्ञवेदी आखणारी शुल्बसूत्रं त्याच्याही कितीतरी आधीची. सर हे सगळं एका तासात सांगून टाकत आणि वर म्हणत, “परीक्षेत येणार नाही, म्हणून सांगतोय.”

मग एक दिवस त्यांनी वर्ग तळ्यावर नेला.

देवळामागचं तळं आमच्या गावात कुणी कधी मोजलं नव्हतं. या काठावरच्या पायऱ्यांपासून पलीकडच्या वडापर्यंत किती अंतर, यावर म्हाताऱ्यांमध्ये पैजा लागायच्या. पाण्यातून टेप नेणार कशी? सरांनी तळ्यापासून लांब, चिंचेखाली एक खुंटी ठोकली. अशी जागा की तिथून पायऱ्याही कोरड्या जमिनीवरून सरळ गाठता येतील आणि वडही. मोजायला सुतळी पुरणार नव्हती, म्हणून गोठ्यात पडून असलेला मोटेचा नाडा एकानं घरून आणला होता. इंजिनं आल्यापासून मोटा बंदच होत्या. चिंचेच्या खुंटीपासून पायऱ्यांपर्यंत नाडा ताणला. पायऱ्यांकडचं टोक परत चिंचेपाशी आणलं आणि दुमड धरून एक पोरगा पायऱ्यांच्या दिशेनं चालत गेला, नाडा ताठ होईपर्यंत, नजर पायऱ्यांवरून न हलवता. तिथे दुसरी खुंटी. तसंच वडाच्या बाजूला, तिसरी खुंटी. मग या दोन खुंट्यांमधलं अंतर मोजायचं. ते अख्खं जमिनीवर. 64 फूट भरलं. म्हणजे तळं 128 फूट.

कुणीही पाण्यात पाय घातला नव्हता. नाडा आणणाऱ्या पोराच्या वडिलांना हे काही पटेना. ते म्हणाले, तुम्ही मोजलं इथं आणि सांगता तिथलं.

त्यांचा संशय अगदीच वाया गेला नाही. चैत्रात तळं आटलं तेव्हा पोरांनी भेगाळलेल्या तळातून सरळ मोजलं, तर 126 भरलं. सर खूष झाले, आणि मला वाटतं ते उत्तर बरोबर आलं असतं तर एवढे झाले नसते. खुंट्यांमधून मोजताना नाडा गवतावरून जरा वळसा घेत गेला होता, ताठ बसला नव्हता. तिथे एक फूट जास्त भरलं, त्याचे दोन झाले. निम्मं मोजून दुप्पट करायची सोय आहे, पण निम्म्यातली ढिलाईही दुप्पट होऊनच परत येते. पुढे कधीतरी मध्यबिंदू उसाच्या फडात येत असेल तर काय करायचं, हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं. दुमडलेली दोरी पुन्हा दुमडायची आणि चिंचेपासून चौथ्या हिश्शावर खुंट्या ठोकायच्या. प्रमेय दोनदा लावलं की त्या खुंट्यांमधलं अंतर मूळ अंतराच्या पाव. मोजायला कमी, आणि चुकीला चौपट वाव.

या प्रमेयाचं दुसरं अंग शेताच्या वाटणीचं. त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंचे मध्यबिंदू जोडले की आत चार त्रिकोण पडतात, चारही एकरूप. परिमिती निम्मी, क्षेत्रफळ पाव. सरांनी गणित घातलं: तिकोनी शेत, 40 गुंठे, चार भाऊ, सगळ्यांना सारखी आणि सारख्या आकाराची वाटणी हवी. मोजणीदाराच्या साखळीशिवाय, नुसत्या दोरीनं करून दाखवा. वर्गातल्या पहिल्या नंबरानं तत्परतेनं मध्यबिंदू जोडले आणि प्रत्येकाला 10 गुंठे दिले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, “सर, मधल्या भावानं बैलगाडी कुठनं न्यायची?” पाहिलं तर खरंच. मधल्या त्रिकोणाला बाहेरचा बांध कुठेच नाही. तिन्ही बाजूंनी भाऊच. सर म्हणाले, भूमिती इथे संपली, आता मामलेदार कोर्ट. वाट अडवल्याच्या तक्रारींसाठी 1906 चा कायदा आजही चालतो, आणि महाराष्ट्रातल्या तहसील कचेऱ्यांत अशा अर्जांना खळ नाही. तो मागच्या बाकावरचा पोरगा पुढे वकील झाला असता तर गोष्ट छान जमली असती. तो दूध संघात लागला.

मधला त्रिकोण पुन्हा तसाच कापायचा, त्याच्यातला पुन्हा, असा नाद मला तेव्हा लागला होता. वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीचं टोक बोथट होईपर्यंत आत आत जायचं. परिमिती 24, मग 12, मग 6, मग 3. कितीही आत गेलं तरी सगळ्यांची बेरीज 48 ओलांडत नाही, हे सरांनी एकदा पान उलटून पाहत सांगितलं. त्याच्या उलट, मधला त्रिकोण सोडून द्यायचा आणि कोपऱ्यातले तीन कापत राहायचे, असं केलं तर जी जाळीदार आकृती होते ती पोलंडच्या सियरपिन्स्की यांनी 1915 साली गणितात आणली, हे मला फार पुढे कळलं. आमच्याकडे ती कुणी तुळशीपुढच्या रांगोळीत काढली असती तरी खपली असती.

आणि चौकोन! सर म्हणायचे, वाटेल तसा वाकडातिकडा चौकोन काढा, एकाचा दुसऱ्यासारखा नको. मग चारही बाजूंचे मध्यबिंदू क्रमानं जोडा. अख्ख्या वर्गाच्या वह्यांत समांतरभुज चौकोन. एकाचाही चुकला नाही. कारण मोठ्या चौकोनाचा एक कर्ण काढला की दोन त्रिकोण होतात आणि आपलं प्रमेय दोन्हींना लागतं; समोरासमोरच्या दोन्ही बाजू त्याच कर्णाला समांतर आणि त्याच्या निम्म्या. फ्रेंच गणिती पिएर व्हॅरिन्योन 1722 मध्ये वारले आणि हे प्रमेय त्यांच्या नावानं 1731 मध्ये छापून आलं. मरणानंतर का होईना, त्यांना नाव मिळालं. ज्या मध्यबिंदूच्या प्रमेयावर ते उभं आहे, त्याला नाहीच.

आता कंदील.

आमच्या घरी आकाशकंदील दादा करायचा. सहामाही संपून सुट्टी लागली की बुरूड आळीतून बांबूच्या कामट्या यायच्या, तासून एकसारख्या केलेल्या. माजघरात सतरंजी टाकून दादा बसायचा, आणि त्याच्याभोवती आम्ही, हाताखाली. आई खळ शिजवून द्यायची. पतंगी कागदाचे ताव, दोरा, झिरमिळ्यांसाठी कात्री. दादाचा कंदील जुन्या घाटाचा असायचा: भोवती चार चौरस, चारही एका कोपऱ्यावर उभे, शेजारच्याला कोपऱ्यानं टेकलेले, वर आणि खाली एक एक चौरस आडवा, आणि मधल्या फटींत आठ त्रिकोण. चोवीस कामट्या, सगळ्या एका मापाच्या. बारा कोपरे, प्रत्येक कोपऱ्यात चार कामट्या दोऱ्यानं आवळलेल्या.

माप कुठून यायचं? माळ्यावर एक देवदारी खोकं होतं, वाण्याकडून आणलेलं, तिन्ही बाजूंनी 17 इंच. दिवाळी सरली की झिरमिळ्या काढून कंदील त्यात ठेवायचा, पुढच्या वर्षी फक्त कागद बदलायचा. त्यामुळे कंदील खोक्यात बरोब्बर मावला पाहिजे, मोठा नको आणि लहानही नको. दादा काय करायचा, तर खोक्याच्या एका अंगाला कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी सुतळी लावायचा, तोडायचा, दुमडायचा, आणि त्या दुमडीएवढी पहिली कामटी कापायचा. उरलेल्या तेवीस तिच्याबरहुकूम. हे त्याला बुरुडानं शिकवलं होतं.

त्या वर्षी सुट्टीच्या आधीच सरांनी प्रमेय शिकवलं होतं. दादानं सुतळी दुमडली आणि मी ओरडलो. खोक्याचं एक अंग म्हणजे चौरस. तिरक्या सुतळीनं त्याचे दोन त्रिकोण झाले. कंदिलाचा प्रत्येक कोपरा खोक्याच्या एकेका कडेच्या मधोमध टेकतो. कडा बारा, कोपरे बारा. मग कामटी म्हणजे दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडणारा रेषाखंड, तिसऱ्या बाजूच्या, म्हणजे त्या तिरक्या सुतळीच्या, निम्मा. सुतळी 24 इंच भरली, कामटी 12. वर्गमूळ नाही, तक्ता नाही, काही नाही. मी त्याला प्रमेयाचं अख्खं नाव ऐकवलं. दादा म्हणाला, “एवढं लांब? दुमडायची आणि तोडायची, एवढं म्हण की.”

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सर फराळाला आले. ओसरीत उभे राहून मान वर करून त्यांनी कंदील कितीतरी वेळ पाहिला. चिवड्याची बशी हातात तशीच. मग मला विचारलं, बल्ब बरोबर मधोमध असेल तर तो कोपऱ्यापासून किती लांब? मी गप्प. त्यांनी समोरासमोरचे दोन कोपरे दाखवले. ते दोन कोपरे म्हणजे खोक्याच्या तिरक्या समोरासमोरच्या दोन कडांचे मध्य, म्हणजे त्यांच्यातलं अंतर त्या पहिल्या तिरक्या सुतळीएवढं. त्याच्या निम्मं ते मध्यापासूनचं अंतर. पुन्हा 12 इंच. बल्बपासून बाराही कोपरे एकेका कामटीवर! दादानं ते खरं मानलं नाही. शिडी आणून एक उरलेली कामटी आत घालून पाहिली, आणि मग मान्य केलं. सरांनी जाता जाता सुट्टीचा अभ्यास म्हणून कागदाचं गणित घालून टाकलं: वरखालचे चौरस उघडे सोडले तर कंदिलाला कागद किती चौरस इंच? चार चौरसांचे 576 लगेच झाले. आठ त्रिकोणांपाशी अडलो, तिथे शेवटी पायथागोरसला बोलवावंच लागलं, आणि सगळा हिशेब 1075 च्या आसपास जाऊन थांबला. आईचं म्हणणं, खळ लावायला दुमडतो तो कागद यात धरलाच नाही. ते खरंच होतं.

दादा आता सत्तरीला आलाय. हात थरथरतो, कामट्या पुतण्या तासतो, पण बसतो दादाच सतरंजीवर मधोमध. देवदारी खोकं वाळवीनं खाल्लं. यंदा पुतण्यानं मिक्सरचं खोकं आणलंय, आणि ते घन नाही: उंचीला एक माप, रुंदीला दुसरं, खोलीला तिसरंच. त्याचं म्हणणं, यात कंदील बसायचाच नाही. दादाचं म्हणणं, न बसायला काय झालं. परवा संध्याकाळी याच्यावर दोघांची जुंपली होती. शेवटी तिन्ही अंगांना तीन तिरक्या सुतळ्या लावल्या, तिन्ही दुमडल्या, आणि कामट्यांची तीन मापं निघाली, प्रत्येकी आठ. चौरसांऐवजी चेपलेले समभुज चौकोन होतील, त्रिकोणाच्या तिन्ही बाजू वेगळ्या होतील, पण खोक्यात मात्र नेमका बसेल. पुतण्या विचारत होता, मग आता बल्ब बाराही कोपऱ्यांपासून सारखा लांब असेल का? मी म्हटलं, आधी बांध, मग बघू.